आडनावं फाटकाबाहेर

नेकनूरहून येणारी एसटी आमच्या माळावर थांबली की कंडक्टर आत वळून सांगतो, "चला, गपबसे उतरा." आमच्या साधना केंद्राचं हे नाव कुठल्याच पाटीवर नाही, पण आसपासच्या गावांत तेच चालतं. बायका नवऱ्याला धमकी देतात, लई बोलाल तर गपबशांच्या माळावर टाकून येईन. मी त्या माळाचा व्यवस्थापक होतो. गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मीही दिला.

त्याआधी माझी बीडमध्ये साऊंड सर्व्हिस होती. लग्न, जयंती, प्रचारसभा, उद्घाटन. जिथं माणसं जमतील तिथं माझे बॉक्स. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना आता कमी ऐकू येतं, त्यात माझा मोठा वाटा आहे. एक दिवस केंद्र चालवणाऱ्या सुमनताईंचा निरोप आला की सभागृहात माइक बसवायचा आहे. मी गेलो, वायरी जोडल्या आणि धंद्याच्या सवयीनं आवाज पूर्ण वाढवून म्हणालो, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. समोर पन्नासएक माणसं डोळे मिटून बसली होती. मला वाटलं होतं ती माइकची वाट बघतायत. एक आजी दचकून चक्क हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, एकदाचा देव बोलला.

बैठक संपल्यावर ताई जवळ येऊन म्हणाल्या, "तुमच्याइतकी शांततेची गरज असलेला माणूस मी अजून बघितला नाही. इथं राहता का?" मी ती नोकरी समजलो आणि राहिलो. ते बोलणं नोकरीचं नव्हतं, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आमचा उद्योग बाहेरच्याला सांगायला सोपा आणि पटवायला अवघड. माणसं शिबिराला येतात. फोन जमा करतात. मग शेवटच्या सकाळपर्यंत मौन. पहाटेपासून श्वासाकडे बघत बसायचं, दुपारी खराटा नाहीतर फावडं घेऊन कुठल्यातरी गावात जायचं, नाल्या उपसायच्या, शाळेची भिंत सारवायची, परत येऊन बसायचं. ताई मूळच्या नर्स. जखम आतून भरली पाहिजे, नाहीतर वरून खपली धरते आणि आत पू होतो, असं त्या माणसाबद्दलही म्हणायच्या आणि गावाबद्दलही. नुसते डोळे मिटणारे त्यांना आवडत नसत आणि नुसते भाषण करणारे तर त्याहून नाही. आमच्या शिबिरांमधून दारू सुटलेली माणसं आहेत, न बोलता-सवरता जुळलेली लग्नं आहेत. दोनच दिवसांत भिंतीवरून उडी मारून तंबाखू आणायला पळालेलीही आहेत. त्यांची संख्या मी कुणाला सांगत नसे.

एका पुढाऱ्याची गोष्ट तेवढी सांगतो. निवडणूक हरल्यावर ते मनःशांतीसाठी आले. सोबत अंगरक्षक. अंगरक्षकही मौनात बसणार का, हा प्रश्न आमच्यापुढं पहिल्यांदाच आला होता. मी शक्कल लढवून दोघांनाही बसवलं. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीकडून बोलण्याचा आवाज आला म्हणून बघायला गेलो, तर पुढारी टाकीआड लपवून आणलेल्या फोनवर पॅनेलची जुळवाजुळव करत होते. अंगरक्षक मात्र खाली डोळे मिटून इतका खोल गेला होता की त्याला हलवून जागं करावं लागलं. त्यानं पुढं ती नोकरी सोडली. पुढाऱ्यांनी आमच्यावर दावा लावायची भाषा केली होती, माणूस फितवला म्हणून.

आता मुद्द्याच्या तीन रिती सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली, आडनाव फाटकाबाहेर ठेवायचं. आत फक्त नाव. गावसुद्धा विचारायचं नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की माणसाचं निम्मं चरित्र ऐकणारा स्वतःच लिहून टाकतो, म्हणून ही रीत. फाटकाशी टेबल टाकून मी बसायचो आणि म्हणायचो, नुसतं नाव सांगा. ते लोकांना जमत नसे. नावाला दावं बांधल्यासारखं आडनाव मागं ओढत यायचंच. एक जण नुसतं नाव सांगून चार पावलं पुढं गेला आणि परत येऊन माझ्या कानात म्हणाला, तरी पण तुम्हाला म्हणून सांगून ठेवतो.

दुसरी रीत जोडीची. प्रत्येकाला एक जोडीदार. त्याचा पाण्याचा तांब्या तुम्ही भरायचा, त्याची सतरंजी तुम्ही घडी करायची, त्याला ताट तुम्ही वाढायचं, आणि त्यानं तुमचं. न बोलता. जोड्या लावायचं काम माझं आणि त्यात माझी विद्या होती. घोरणाऱ्याला कमी ऐकू येणारा. तंबाखूवाल्याशेजारी निवृत्त फौजी. खादाडाला शुगरचा पेशंट, म्हणजे अन्न वाया जात नाही.

तिसरी रीत ओळखीची. शेवटच्या सकाळी मौन सुटलं की जोडीदारांनी समोरासमोर उभं राहायचं आणि माइकवर आपलं पूर्ण नाव, आडनाव, गाव सांगायचं. आठवडाभर तुम्ही कुणाच्या हातचं पाणी प्यालात हे तेव्हा कळायचं. केंद्राचा सगळा डौल या एका सकाळीत होता. लोक रडायचे, मिठ्या मारायचे, आणि मी आवाज जरा वाढवायचो.

नेहमीच मिठ्या होत नसत. तेलगावकडचे एक मोठे बागायतदार आणि नांदूरघाटचे गौतमसर अशी एक जोडी मी लावली होती. सरांनी त्यांचे पाय चेपले होते, त्यांना ताप आला तेव्हा उशाशी बसले होते. ओळखीच्या सकाळी सरांनी आडनाव सांगितलं, आणि बागायतदार म्हणाले, हे आधी सांगायला पाहिजे होतं. नळाखाली जाऊन त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, कपड्यांसकट, आणि ओलेच गाडीत बसले. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. गौतमसर मला म्हणाले, "पाणी लई गार हाय ओ. ताप परत यायचा त्यांला." सर पुढंही येत राहिले. मी त्यांना एकदा विचारलं, कशाला येता? ते म्हणाले, तुमचं मन बघायला. त्यावर मी हसलो होतो. ते हसण्यासारखं नव्हतं, हे बसस्टॉपपर्यंत त्यांना सोडून येताना लक्षात आलं.

आणि मग दगडूभाऊंचं शिबिर.

दगडूभाऊंना त्यांची बायको कौसाबाई घेऊन आली. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांचा मुलगा अमोल गेला. हळदीत डीजेवर कुणाचं गाणं लावायचं यावरून पोरांची जुंपली, कुणाच्या तरी स्टेटसवरून आधीच ठिणगी होती, आणि चाकू निघाला. तीन पोरं जेलात होती. ती बातमी मला ठाऊक होती. बॉक्सच्या मागं उभं राहून मी अशा जुंपलेल्या हळदी किती बघितल्या होत्या. माझं काम तेव्हा आवाज कमी न करण्याचं असायचं.

कौसाबाई फाटकात म्हणाली, "भाकर म्होरं ठिवली की ताट सरकावतेत. करदोटा कमरंवर ऱ्हाईना झालाय. दवाखान्यात नेलं तर सुया टोचून धाडलं. तुमच्या हितं जेवले तर बघा." तिला ध्यानाशी काही देणंघेणं नव्हतं. नवरा जगावा एवढंच होतं.

त्याच दिवशी उत्तमभाऊ नावाचे एक जण एकटेच आले. त्याच वयाचे, तसेच वाळलेले. मी नेहमीसारखं बजावलं की इथं गप बसावं लागतं बरं का, जमेल का? ते म्हणाले, "गावात कुणी बोलतच न्हाई माझ्यासंगं. सवय हाय." मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं, माणूस विनोदी आहे.

पहिल्या दिवशी दगडूभाऊंनी ताट सरकवलं. उत्तमभाऊंनीही अर्ध्यावर सोडलं. माझी विद्या जागी झाली. न जेवणारा न जेवणाऱ्यापुढं, दोघंही एकमेकांच्या लाजेनं चार घास खातील. मी त्यांची जोडी लावली. उत्तमभाऊंनी जोडीदाराकडं बघितलं आणि खिळल्यासारखे उभे राहिले. मी हातानं खूण केली, बसा. ते बसले.

आणि जमलं. उत्तमभाऊ भाकरी वरणात चुरायचे, ताट दगडूभाऊंपुढं ठेवायचे आणि स्वतः न जेवता मान खाली घालून बसून राहायचे. दगडूभाऊंनी एक वेळ बघितलं, दोन वेळा बघितलं. मग एक घास घेतला. तो घेतल्यावर उत्तमभाऊंनी घेतला. दोन दिवसांनी भाकरी मागायला दगडूभाऊंचा हात वर झाला तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी पदरानं डोळे पुसले. मी स्वतःवर इतका खूश होतो की मौनात शीळ घालता येत नाही याचंच दुःख होतं. फाटकावर कौसाबाईचा भाऊ विचारायला आला तेव्हा मी बोटांनी दाखवलं, दीड भाकरी. तोंडानं सांगायला मला बंदी नव्हती, पण त्या दिवसांत मी जरा साधूच झालो होतो.

शेवटच्या आदल्या दुपारी एक मोटारसायकल फाटकाशी थांबली. पोरगेला माणूस, घामाघूम.

"उत्तमदाजी आत हायत का?"

आहेत, मौनात आहेत, मी म्हणालो. आमचा नियम असा की मयताच्या खबरीशिवाय कुठलाही निरोप आत जात नाही.

"मयत न्हाई, चांगली खबर हाय. आमच्या भाच्याचा, सच्याचा जामीन झाला. तेवढं दाजीच्या कानावर घाला, जीव भांड्यात पडंल त्यांचा."

मी विचारलं, कशातला जामीन? विचारायची गरज नव्हती. मला लोकांच्या भानगडी ऐकायची खोड. त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "त्ये हळदीचं प्रकरण न्हाई का, त्यातला." आणि मग अमोलच्या गावाचं नाव घेतलं.

तो गेला. मी फाटकाची दांडी धरून उभा राहिलो. मग सभागृहाच्या खिडकीशी गेलो. बैठक चालू होती. दोघं शेजारीशेजारी बसलेले. उत्तमभाऊंनी एक डोळा किलकिला करून दगडूभाऊंचा तांब्या उन्हातून सावलीत सरकवला.

मी ताईंकडं धावलो. म्हणालो, जोडी तोडतो, काहीतरी कारण काढतो.

"ते भांडतायत का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"जेवत नाहीत?"

"जेवतात."

"मग कुणासाठी तोडताय?"

मी म्हणालो, उद्या ओळख आहे. ताईंनी ही रीत आयुष्यभर जिवापाड जपली होती. एका जोडीसाठी ती बंद केली, तर ज्यांना लपवावंसं वाटतं त्या सगळ्यांसाठी बंद करावी लागेल, असं त्या म्हणाल्या. आणि जामिनाचा निरोप मौन सुटल्यावर द्या, नियमाप्रमाणं.

मग मी माझी अक्कल चालवली. सकाळी सगळे जमायच्या आत सभागृहाचा फ्यूज काढून खिशात टाकला. माइक नाही म्हणजे ओळख नाही, असा माझा साधा हिशोब. आयुष्यभर बॉक्स वाहिलेल्या माणसाला वाटतं की आवाज म्हणजे माइक. ताई म्हणाल्या, लाइट गेलेली दिसते, जवळ सरकून बसा, तोंडानंच सांगू. पंखेही त्याच फ्यूजवर होते. ते बंद पडल्यावर सभागृहात अशी शांतता पसरली की कोपऱ्यातल्या माणसाचा श्वास ऐकू यावा. इतकी उत्तम ध्वनिव्यवस्था मी बीडमध्ये कधी दिली नव्हती.

चार जोड्या झाल्या. हसणं, टाळ्या. मग उत्तमभाऊ उभे राहिले. समोर दगडूभाऊ. उत्तमभाऊंनी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव, गाव सांगितलं. एवढं सांगून बसायचं असतं. ते बसले नाहीत.

"सचिनचा बाप," ते म्हणाले. "हळदीतल्या."

मागच्या रांगेत कुणीतरी उठलं आणि परत बसलं. दगडूभाऊ समोर बघत होते. त्यांनी विचारलं, "तुमी मला कवा वळखलं?"

"पयल्या दिशी. कोर्टात बघितलं होतं तुमाला. तुमी खाली बघत होता."

"मग भाकर काहून चारली?"

"तुमी जेवत नव्हता."

दगडूभाऊंनी हे ऐकून घेतलं. मारतील, थुंकतील, पडतील, मी सगळ्याची तयारी करून दोन पावलं जवळ सरकलो होतो. त्यांनी फक्त विचारलं, "पोरगं कुठंय तुमचं?"

"जेलात," उत्तमभाऊ म्हणाले. त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

"सुटंल का?"

"न्हाई वाटत. वकील तर न्हाईच म्हणतोय."

दगडूभाऊंनी मान हलवली. मग हात पुढं करून सतरंजीवरची जागा दाखवली. "बसा," ते म्हणाले. "तुमचं बी गेल्यातच जमा."

त्या सभागृहात मी पुष्कळ ओळखी बघितल्या, पण अशी नाही. दोन्ही बाप खाली बसले. कुणीतरी हुंदका दिला. ताईंनी डोळे मिटले. तिथं थांबलं असतं तर हा लेख मी मोठ्या थाटात संपवला असता.

पण निरोप माझ्या पोटात होता. मी गप्प राहिलो असतो, फाटकाबाहेर उत्तमभाऊंना हळूच सांगितलं असतं, तर चाललं असतं का? संध्याकाळपर्यंत दगडूभाऊंच्या गावात खबर पोचणारच होती. मग ज्याच्या हातची भाकरी खाल्ली तो तोंडावर खोटं बोलला, असंच त्यांनी मरेपर्यंत धरलं असतं. एवढं सगळं मी त्या क्षणी खरंच योजलं होतं की नंतर जुळवलं, सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. आवाजावर ताबा हा माझा कधीच गुण नव्हता.

"उत्तमभाऊ," मी म्हणालो, "काल तुमचे मेहुणे आले होते. सचिनचा जामीन झालाय."

उत्तमभाऊंच्या तोंडावर हसू आलं. त्यांनी आणलं नाही, ते आलं. ओठ आवळून बघितले, आवळेनात. मग दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं तरी डोळ्यांतून ते दिसतच राहिलं. आनंदाची इतकी लाज वाटलेला माणूस मी बघितला नाही. त्यांनी दगडूभाऊंकडं पाठ फिरवायचा प्रयत्न केला.

दगडूभाऊंनी त्यांचं मनगट धरलं आणि हात तोंडावरून खाली ओढला. हिसका नव्हता.

"हसा," ते म्हणाले. "झाकू नका. माझं पोरगं दवाखान्यातून माघारी आलं असतं, तर मी बी असंच हसलो असतो."

मग उठले. आपली सतरंजी आपणच घडी केली, भिंतीशी ठेवली आणि बाहेर गेले. उत्तमभाऊ तिथंच बसून राहिले. त्यांचं हसू कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं, ते त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं.

शेवटचं जेवण सगळे मिळून करतात. दगडूभाऊ रांगेत येऊन बसले तेव्हा मला हायसं वाटलं. मी स्वतः ताट वाढलं, भाकरी वरणात चुरली. माझा हात जड. चुरा मोठामोठा पडला. त्यांनी ताटाकडं बघितलं आणि ते सरकवलं. अगदी हळू, शेजारच्याच्या पाण्याला धक्का लागू नये असं.

कौसाबाई फाटकात उभी होती. पहिल्याच एसटीनं आली होती. काखेत पिशवी. मला बघून दोन पावलं पुढं आली.

"जेवाय लागले का ओ?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं नाही, एवढं मी त्या माळावर शिकलो होतो. खरं पूर्ण सांगायचं, तेवढं शिकलो नव्हतो.

"लागले होते, वहिनी."

तिला 'लागले' एवढंच ऐकू आलं. कपाळावरचा घाम पुसून ती हसली. दगडूभाऊ माझ्या मागून येत होते. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत ती कडेच्या दगडावर टेकली आणि पिशवीतून डबा काढून त्याचं झाकण उघडू लागली.